सायकलचा विमा: काढावा का, आणि काढायचा तर कसा?

चाकोरी | सोमवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात गिअरची हायब्रिड सायकल घेतली, ५८,००० रुपयांची. दिवे, कुलूप, कॅरिअर, हेल्मेट धरून ६४ हजारांपर्यंत गेलं. मुलुंड पश्चिमेहून पवईला ऑफिस. एलबीएस मार्गाने भांडुप, कांजूर, तिथून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. सकाळी सातला निघाले की पाऊण तासात पोचते. इतकी वर्षं बसची रांग आणि रिक्षावाल्यांची 'नाही' ऐकण्यात गेली, त्यामुळे या सायकलवर माझा फार जीव जडलाय.

आता अडचण. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्टमध्ये सायकल मावत नाही. पॅसेजमध्ये ठेवली तर आग लागल्यावर वाट अडेल असं सेक्रेटरी म्हणाले, आणि ते बरोबरच आहे. म्हणून ती खाली पार्किंगमध्ये पाइपला बांधलेली असते. दिवाळीत शेजारच्या बिल्डिंगमधून दोन सायकली गेल्या. त्या दिवसापासून रात्री एकदा तरी खिडकीतून खाली बघते.

आमच्या गाडीच्या विम्याच्या एजंटला विचारलं, तर म्हणाला, "ताई, सायकलला कुठे विमा असतो?" खरंच नसतो का? असला तर घ्यावा का? आणि कोणी क्लेम घेतला असेल तर कृपया सविस्तर लिहा.

गिरगाव_तिसरा_मजला | सोमवार, रात्री १०.३२

अभिनंदन! दोन कुलुपं लावा. विम्याच्या हप्त्यात तिसरंही येईल.

पेडलपहाट | सोमवार, रात्री ११.०५

असतो की. तुमच्या एजंटने कधी विकला नसेल इतकंच. मोटार वाहन कायद्याने गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, सायकल त्या कायद्यात 'मोटार वाहन' नाही, म्हणून सक्ती नाही. सक्ती नाही म्हणून मागणी नाही, आणि मागणी नाही म्हणून एजंटला माहिती नाही.

माझी सायकल गृहविम्यात आहे. सरकारी कंपन्यांच्या (न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल, युनायटेड इंडिया) जुन्या पद्धतीच्या घरगुती पॅकेज पॉलिसीत वेगवेगळे विभाग असतात: आग, घरफोडी, दागिने, टीव्ही, घरातली यंत्रं, वगैरे. त्यातच 'पेडल सायकल' असा एक विभाग असतो. घरात पाच-सहा विभाग घेतले की त्यात सायकलही बसते. शाखेत जाऊन नेमका हाच शब्द उच्चारा, 'पेडल सायकल'. नुसतं सायकल म्हटलं की समोरच्याला मोटरसायकल ऐकू येते. माझ्या बाबतीत दोनदा झालंय.

निवृत्त_सर्व्हेअर | मंगळवार, सकाळी ६.५०

मी तीस वर्षं नुकसानीची पाहणी केली, त्यात सायकलींचे क्लेमही आले. पेडलपहाट यांनी योग्य दिशा दाखवली आहे, पण चाकोरीताई, तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'पार्किंग' आहे. तिथे थोडं थांबू या.

विम्याच्या भाषेत घरफोडी वेगळी आणि चोरी वेगळी. घरफोडीच्या विभागात दार, खिडकी, कडी तोडून, म्हणजे बळाचा वापर करून आत शिरल्याची किंवा बाहेर पडल्याची खूण लागते. खाली उघड्या पार्किंगमधून कोणी केबल कापून सायकल नेली, तर घरात कोणी शिरलंच नाही. माझ्याकडे अशी माणसं रडवेली होऊन यायची. 'पण साहेब, माझ्याच बिल्डिंगमध्ये होती ना!' बिल्डिंग तुमची, पण पॉलिसीतलं 'घर' म्हणजे तुमच्या दाराच्या आतलं. म्हणून नुसता घरफोडीचा विभाग घेऊन सायकल सुरक्षित झाली असं समजू नका. सायकल स्वतंत्र विभागात, नावानिशी, फ्रेम नंबरासकट हवी, आणि त्या विभागात 'चोरी' हा शब्द सुटा लिहिलेला हवा.

दुसरं. एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी प्रमाणित पॉलिसी मिळते. चांगली आहे. घराचा विमा घेतला की घरातल्या सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. पण ती मुळात आग, पूर, वादळ, भूकंप अशा संकटांची पॉलिसी. तिच्यात चोरी धरतात ती अशा संकटानंतरच्या सात दिवसांत, त्या संकटामुळेच झालेली. एरवी रात्री कोणी सायकल पळवली तर त्यात काही मिळणार नाही. बँका गृहकर्जाबरोबर हीच किंवा अशीच पॉलिसी देतात, आणि लोक समजतात सगळं झालं.

तिसरं, रक्कम. ५८ हजारांची सायकल हप्ता वाचवायला ३० हजारांना दाखवू नका. समजा तुमच्या सायकलची आजची किंमत ६०,००० आहे आणि विमा ३०,००० चा. अपघातात १२,००० चं नुकसान झालं. कंपनी म्हणेल, तुम्ही निम्माच विमा घेतला, निम्मं नुकसान तुमचं. हातात ६,०००, आणि त्यातूनही आपण सोसायची ठरलेली रक्कम वजा. याला सरासरीचं कलम म्हणतात. सामान्य माणसाला हे क्लेमच्या दिवशीच कळतं, याचं मला नोकरीत असतानाही वाईट वाटायचं.

बिलावर आपलं नाव घ्या. दिवे, कॅरिअर, मीटर पॉलिसीत वेगळे लिहून घ्या. सायकल जागेवर आणि नुसता दिवा चोरीला, असं झालं तर बहुतेक ठिकाणी दिवा मिळत नाही. टायर फुटणं, गंज, झीज, शर्यतीत झालेलं नुकसान, हे विम्याबाहेर.

दर्या_वरळी | मंगळवार, सकाळी ८.१२

सर, गंज म्हणजे झीज का? आमच्याकडे समुद्राच्या वाऱ्यात चेन पंधरा दिवसांत तांबडी होते!

निवृत्त_सर्व्हेअर | मंगळवार, सकाळी ८.४०

हो, झीजच. त्यावर विमा म्हणजे जुना सुती फडका आणि तेलाची कुपी. पावसात रोज, उन्हाळ्यात आठवड्याला.

दादरची_लेक | मंगळवार, दुपारी १.२०

माझा क्लेम नाकारला गेला. चाकोरी, तू सविस्तर विचारलं आहेस म्हणून सगळं लिहिते.

माझी सायकल स्टेशनबाहेरच्या कठड्याला बांधलेली होती. संध्याकाळी परत आले तर कुलूप तुटून पडलेलं. पोलीस चौकीत गेले, तिथे गर्दी होती. बाहेर उभ्या असलेल्या एका ओळखीच्यांनी सांगितलं, कशाला थांबतेस, मोबाइलवर ऑनलाइन तक्रार होते. मी तिथेच उभ्या उभ्या मुंबई पोलिसांच्या साइटवर 'हरवलेल्या वस्तू'चा अर्ज भरला. पाच मिनिटांत पावती आली. किती सोपं, असं वाटलं.

विमा कंपनीचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. तुमची वस्तू हरवली आहे असं तुम्हीच पोलिसांना कळवलं आहे, पॉलिसीत हरवणं समाविष्ट नाही. नंतर एफआयआर केला, पण तोवर तारखा जुळेनात. तुटलेलं कुलूपही मी रागाच्या भरात तिथेच टाकून आले होते.

त्या साइटवर स्पष्ट लिहिलेलं असतं की हे फक्त हरवलेल्या वस्तूंसाठी आहे, चोरीसाठी नाही. मी वाचलं नाही. तू वाच. आणि तुटलेलं कुलूप घरी आण.

कोर्टनाका_ठाणे | मंगळवार, दुपारी २.०५

दादरची_लेक, फार वाईट झालं. कायद्याची बाजू थोडी सांगतो, कारण ती १ जुलै २०२४ पासून बदलली आहे. चोरीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३०३. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, पण तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, तेव्हाच ती नोंदली जाते. हद्दीवरून 'आमचं नाही, तिकडे जा' म्हणाले तरी तिथेच तक्रार देण्याचा तुम्हाला हक्क आहे, ती नंतर योग्य ठाण्याकडे वर्ग होते. मुलुंड ते पवई प्रवास करणाऱ्याला हे उपयोगी, वाटेत चार पोलीस ठाणी लागतात.

आणखी एक. चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर नव्या कायद्यात तो गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे एनसी घेतात. म्हणून बिल जवळ ठेवा आणि किंमत बिलाप्रमाणे सांगा.

तुझ्या क्लेमबद्दल: पत्र येऊन वर्ष झालं नसेल तर विमा लोकपालांकडे जा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर लोकपाल. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ऐकतात. एफआयआरची तारीख उशिराची असली तरी 'हरवली' हा शब्द घाईत लिहिला गेला, हे तिथे सांगण्यासारखं आहे.

दादरची_लेक | मंगळवार, दुपारी २.३०

अजून सात महिने बाकी आहेत. आज रात्रीच पत्र लिहायला घेते. मनापासून आभार.

माहीमचा_पाव | मंगळवार, संध्याकाळी ५.४५

५८ हजार वाचून दोनदा आकडा बघितला. आमच्या बेकरीची मुलं ज्या सायकलवर पाव टाकतात ती साडेचार हजारांची, तीही जुन्यात घेतलेली. कॅरिअरवर पाट्या, हँडलला पिशव्या. पहाटे चारला निघतात. एखाद्याची सायकल गेली तर त्याची एनसीच होते, वर कोर्टनाका यांनी लिहिलं तसंच. विमा कंपनी त्या सायकलकडे बघणारही नाही, आणि त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो ते वेगळंच.

म्हणून आम्ही भिशी लावली आहे. बावीस जण. पाववाले, दूधवाले, दोन पेपरवाले. महिन्याला प्रत्येकी ५० रुपये, म्हणजे ११०० जमतात. ज्याची सायकल जाईल त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी जुनी पण चालती सायकल. नियम दोनच: सायकलला कुलूप होतं हे दुसऱ्या कोणी तरी पाहिलेलं असावं, आणि वर्षात एकाला एकदाच. तीन वर्षांत चार सायकली दिल्या. उरलेल्या पैशांतून पावसाळ्याआधी सगळ्यांचे ब्रेक रबर आणि टायर बदलतो.

निवृत्त_सर्व्हेअर | मंगळवार, संध्याकाळी ६.१०

माहीमचा_पाव, विमा म्हणजे मुळात हेच. 'कुलूप दुसऱ्या कोणी पाहिलेलं असावं' हा नियम कोणाला सुचला? मी चोरीच्या क्लेममध्ये पहिल्यांदा कुलपाच्या दोन्ही किल्ल्या मागायचो. तुमचा नियम त्याहून चांगला आहे.

माहीमचा_पाव | मंगळवार, संध्याकाळी ६.१५

आमच्या दूधवाल्या मामांना. शाळा चौथीपर्यंत.

सातारी_बिल्ला | मंगळवार, रात्री ९.००

अवांतर होतंय, पण राहवत नाही. लहानपणी आमच्याकडे नगरपालिकेला सायकलचा कर भरावा लागे. भरला की पत्र्याचा बिल्ला मिळायचा, तो पुढच्या दांड्याला अडकवायचा. बिल्ला नाही, रात्री दिवा नाही किंवा डबलसीट दिसलं की शिपाई चाकातली हवा सोडायचा. वडील करवादायचे, पण एकदा त्यांची सायकल बाजारातून गेली तेव्हा त्या बिल्ल्याच्या नंबरावरूनच ती सापडली. दुकानात भाड्याने लावलेली होती! आता हजारो सायकली आहेत आणि कुठेच नोंद नाही. सापडलेली सायकल कोणाची हे पोलिसांनी तरी कसं ओळखायचं?

पेडलपहाट | मंगळवार, रात्री ९.२०

फ्रेम नंबर, काका. सायकल उलटी केली की पेडल जिथे बसतात त्या नळीच्या बुडाला कोरलेला असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. चोर बाजारातून किंवा जुन्या मालाच्या दुकानातून सापडली तर तोच पुरावा. मी याशिवाय एका चिठ्ठीवर नाव आणि फोन लिहून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून सीटच्या दांड्यात घातलीय. रंग बदलतील, स्टिकर काढतील, सीटच्या दांड्यात कोणी बघत नाही.

हॉल्ट_स्टेशन | बुधवार, सकाळी ७.३०

मला वेगळं वाटतं, थोडं स्पष्ट लिहितो. समजा ५८ हजारांवर वर्षाला हजार-बाराशे मागितले. पहिल्या वर्षानंतर घसारा, म्हणजे सायकल जुनी झाली म्हणून रक्कम कापणार. चौथ्या वर्षी हातात येणार निम्मे, आणि तेही कागदपत्रांनंतर. त्यापेक्षा तेच पैसे चांगल्या यू-लॉकमध्ये, म्हणजे यू आकाराच्या जाड दांड्याच्या कुलपात घाला. केबलचं कुलूप कात्रीने कापल्यासारखं कापतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. पुढचं चाक क्विक रिलीजचं, म्हणजे पान्याशिवाय हातानेच निघणारं असेल तर तिथे साधा नट बसवून घ्या, नाहीतर फ्रेम राहते आणि चाक जातं. गिरगाव यांनी पहिल्याच प्रतिसादात हेच सांगितलं होतं.

पेडलपहाट | बुधवार, सकाळी ७.५५

कुलपाबद्दल पूर्ण सहमत. पण कुलूप गाडीच्या धडकेपासून वाचवत नाही. घाटकोपरला रिक्षाने मागून ठोकलं, मागचं चाक आणि डिरेलर (गिअर बदलणारा भाग) गेला. क्लेममध्ये घसारा कापून बहुतेक खर्च निघाला, रिक्षा तर थांबलीही नाही.

कोर्टनाका_ठाणे | बुधवार, सकाळी ८.२०

यात एक भर. ठोकणाऱ्याचा नंबर मिळाला तर तुमच्या सायकलचं नुकसान त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून मागता येतं. खासगी मोटारीला त्यात मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साडेसात लाख असते. बहुतेक सायकलवाले चूक नसताना स्वतःच्या खिशातून दुरुस्ती करतात.

शिवाजीपार्क_कट्टा | बुधवार, सकाळी ११.१०

सगळे सायकलबद्दल बोलताय, सायकलखाली आलेल्यांचं काय? आमच्या चिरंजीवाने रानडे रोडवर एका आजींना धक्का दिला. तो सावकाश होता, त्या फुलवाल्याच्या पाटीआडून अचानक पुढे आल्या, पण त्या पडल्या आणि मनगट मोडलं हे खरं. ऑपरेशन, पट्टी, फिजिओ, आम्ही सगळं केलं. करायलाच हवं होतं. आजी आता आमच्याकडे दिवाळीला येतात. पण खर्च सायकलच्या किमतीच्या आठपट झाला. याचा विमा असतो का?

निवृत्त_सर्व्हेअर | बुधवार, दुपारी १२.००

असतो. पेडल सायकलच्या विभागातच तिसऱ्या व्यक्तीला झालेल्या इजेचं कायदेशीर दायित्व घेतलेलं असतं, रकमेला मर्यादा असते. ती मर्यादा विचारून घ्या, फार कमी असेल तर गृहविम्यात सार्वजनिक दायित्वाचा वेगळा विभाग असतो, तो जोडा. दादर-माहीमसारख्या गर्दीत मी तर चोरीच्या आधी हे विचारीन.

वाशीची_वीज | बुधवार, दुपारी १.४०

माझी ई-सायकल आहे. तिला चालेल का?

पेडलपहाट | बुधवार, दुपारी २.००

मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी असेल, तर ती नियमांप्रमाणे मोटार वाहन धरत नाहीत. नोंदणी नाही, लायसन्स नाही. पण बाजारातून मोठ्या मोटरचं किट आणून बसवलं असेल तर ती कायद्याने मोटार वाहन झाली. मग नोंदणी आणि थर्ड पार्टी विमा दोन्ही लागतात, आणि 'पेडल सायकल' म्हणून घेतलेली पॉलिसी क्लेमच्या वेळी उभी राहणार नाही. तुम्ही किट बसवलंय का? किती वॉटचं?

वाशीची_वीज | बुधवार, दुपारी २.०४

५००. आज संध्याकाळीच मेकॅनिककडे नेते.

परिचारिका_परळ | बुधवार, रात्री ११.५०

ड्युटी संपवून आत्ता धागा वाचला. हाडांच्या वॉर्डात काम करते. पावसाळ्यात दर आठवड्याला सायकलवरून पडलेलं कोणीतरी येतं. खड्डा, पेव्हर ब्लॉकची कड, उघडलेला गाडीचा दरवाजा. बहुतेक जण डबे, दूध, पार्सल पोचवणारे. सायकलचा विमा घ्या, नक्की घ्या, पण चालवणाऱ्याचा आधी घ्या.

बँक खातं असलेल्या १८ ते ७० वयाच्या कोणालाही प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना मिळते. वर्षाला २० रुपये, खात्यातून आपोआप जातात. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख, एक डोळा, एक हात किंवा एक पाय गेला तर एक लाख. साधं फ्रॅक्चर त्यात नाही, त्यासाठी आरोग्य विमा किंवा वेगळा अपघात विमा लागतो. आणि ठोकून पळालेल्या गाडीचा पत्ताच लागला नाही तरी सरकारी भरपाई आहे: १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख, गंभीर जखमेला पन्नास हजार. सायकलस्वारालाही मिळते. नातेवाइकांना हे ठाऊकच नसतं, मी कागदावर लिहून देते.

माहीमचा_पाव, तुमच्या बावीस जणांचा हा वीस रुपयांचा विमा आहे का?

माहीमचा_पाव | गुरुवार, पहाटे ३.४०

नऊ जणांचा होता, खात्यात पैसे नव्हते म्हणून दोघांचा बंद पडलाय. उरलेल्या सगळ्यांचे या महिन्यात भिशीतून भरतो. ताई, आमच्याकडे एकदा येऊन मुलांना सांगाल का? चहा आणि ताजा ब्रून देऊ.

परिचारिका_परळ | गुरुवार, सकाळी ७.१५

रविवारी येते.

चाकोरी | पुढचा मंगळवार, रात्री ९.३०

सगळ्यांचे किती आभार मानू. काय काय झालं ते सांगते.

एजंटला सोडून सरळ सरकारी कंपनीच्या शाखेत गेले. 'पेडल सायकल' म्हटलं, समोरच्या बाईंनी लगेच घरगुती पॅकेजचा फॉर्म काढला. सायकल ५८ हजारांना, कॅरिअर आणि दिवे वेगळे लिहून. घरफोडी, सामान आणि सार्वजनिक दायित्व जोडलं, शिवाजीपार्क_कट्टा यांच्या आजींना आठवून. माझा आणि नवऱ्याचा वीस रुपयांचा विमाही सुरू केला. हॉल्ट_स्टेशन, यू-लॉकही घेतलं आणि पुढच्या चाकाला नट बसवला. सेक्रेटरींनी पंपाच्या खोलीजवळ भिंतीत लोखंडी कडी ठोकून द्यायचं कबूल केलंय, खर्च आम्ही पाच सायकलवाले मिळून करणार.

आज पॉलिसी ईमेलने आली. सर्व्हेअर काकांनी फ्रेम नंबराचं सांगितलं होतं म्हणून टॉर्च घेऊन खाली गेले, सायकल उलटी केली आणि नंबर अक्षर अक्षर जुळवला. पॉलिसीत शेवटून तिसरा आकडा ५ लिहिलाय, फ्रेमवर इंग्रजी एस आहे.

निवृत्त_सर्व्हेअर | पुढचा मंगळवार, रात्री ९.४२

उद्या शाखा उघडताच फोटोसकट दुरुस्तीचा अर्ज द्या, आणि दुरुस्तीचा कागद लेखी हातात येईपर्यंत सायकल रात्री घरात, तिसऱ्या मजल्यावर.

चाकोरी | पुढचा मंगळवार, रात्री ९.५०

जिन्याने आणली वर. हॉलमध्ये आहे.